आवाज घुमतोय, जरा येता का?

श्रावणातल्या शनिवारी लोणावळ्याजवळच्या भाजे गावात मोबाईलला रेंज मिळणं म्हणजे नशीबच म्हणायचं. लेणी बघायला, धबधब्याखाली भिजायला अर्धं पुणं उतरलेलं, प्रत्येकाच्या हातात फोन, आणि टॉवर बिचारा एकटा. म्हणून तर इरावती रतनबाईंच्या अंगणातल्या पाण्याच्या टाकीवर चढून उभी होती — एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मोबाईल — आणि जीव खाऊन ओरडत होती.

"नाही हो काका, खोली आहे! म्हणजे... होती! हॅलो? हॅलो!"

"फोन ठेवून नुसतंच ओरडा," खालून कुणीतरी म्हणालं. "पुण्यापर्यंत तसंही ऐकू जातंय."

तिनं वाकून पाहिलं. पिवळा रेनकोट, खांद्याला अवजारांची पिशवी, हातात रतनबाईंनी दिलेला चहा, आणि तोंडावर असं हसू की बघणाऱ्याला राग यावा. इरावतीला आलाच.

"तुम्हाला कुणी विचारलं का?"

"वरडंल न्हाई तर काय करंल?" ओट्यावरून रतनबाई म्हणाल्या. "एका खोलीत दोन घरची पावनी धाडलीत हिनं. आता आमी झोपायचं कुटं? गोठ्यात?"

खोटं नव्हतं ते. इरावतीनं हिंजवडीची नोकरी सोडली होती आणि कुसगावातल्या आपल्या घरी, माडीवरच्या खोलीत बसून ती रतनबाईंसारख्या भाजे-वलवणच्या बायकांच्या घरगुती मुक्कामांची बुकिंग घ्यायची. सगळा कारभार एका मोबाईलवर. शनिवार उजाडला की कॉल मधेच तुटायचे. कुणाचं नक्की झालं, कुणाचं रद्द, काही पत्ता लागायचा नाही. आजचा घोटाळा त्यातलाच.

"घरी फायबर आहे ना?" रेनकोटवाल्यानं विचारलं. "मग फोन त्याच्यावर घ्या. नंबर एकच, एका वेळी तिघं-चौघं बोलले तरी चालतं, आणि टाकीवर चढावं लागत नाही."

"म्हणजे विकायला आलात होय!"

"आलो होतो शेजारच्या रिसॉर्टवर काम करायला. इथे चहाला थांबलो. विकायचं तुम्हाला वर बघितल्यावर सुचलं."

ती खाली उतरताना त्यानं हात पुढे केला. इरावतीनं त्या हातात छत्री दिली आणि स्वतःची स्वतः उतरली. तो छत्री धरून तसाच उभा राहिला... आणि दोघांनाही एकदमच हसू फुटलं.

त्याचं नाव रुचिर. तळेगावच्या एका छोट्या कंपनीत तो इंटरनेटवर चालणारे फोन बसवायचा. मंगळवारी तो कुसगावात हजर झाला आणि माडीवरच्या टेबलावर त्यानं दुकानच मांडलं. कानाला लावायचा हेडफोन, खिशात घालून फिरायचा कॉर्डलेस, आणि टेबलावर ठेवायचा एक गलेलठ्ठ काळा फोन.

"हा ठेवून देतो," काळा फोन बाजूला सारत तो म्हणाला. "हल्ली कुणी घेत नाही. कॉम्प्युटरवर ॲप, कानात हेडफोन. हात मोकळे राहतात."

"मला तोच हवा."

"का?"

"रिसीव्हर आपटता येतो."

रुचिर बघतच राहिला. "आपटायला... कुणावर?"

"'मॅडम, रूमवर स्पीकर लावला तर चालेल ना?' असं विचारणाऱ्यांवर. मोबाईलचं लाल बटण दाबून राग जात नाही हो."

"हा मुद्दा आमच्या माहितीपत्रकात नाहीये," तो गंभीरपणे म्हणाला. "घालायला हवा."

मग सेवा कुठली घ्यायची यावर चर्चा झाली. एक स्वस्तातली होती, पण तिच्यात एका वेळी एकच कॉल. दुसरीत जुना मोबाईल नंबर कायम ठेवून कॉल इकडे वळवता येत होते आणि बाकीच्यांना रांगेत थांबवता येत होतं. इरावतीनं दुसरी घेतली. बोलायला हेडफोन, आपटायला काळा फोन, असा तहही झाला.

"आणि लाईट गेली की?" तिनं सहज विचारलं.

रुचिरचा हात हवेतच थांबला. मावळात लाईट जाते हे काय त्याला माहीत नव्हतं? पण त्या दिवशी त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं खरं. "त्यासाठी राउटरला बॅटरी लागते," तो कान खाजवत म्हणाला. "आणलीय. म्हणजे... उद्या आणीन."

"उद्या परत येणार?"

"यावंच लागेल."

दोघांच्याही बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, एवढं सांगून ठेवते.

दुसऱ्या दिवशी बॅटरी आली, आणि स्वागताचं रेकॉर्डिंग करायची वेळ आली. टाकीवरच्या ओरडण्यानं धरलेला इरावतीचा घसा आता पुरता बसला होता. शेवटी रुचिरनंच वाचलं — "नमस्कार, आमच्या मावळात तुमचं स्वागत आहे. भाज्यासाठी एक दाबा, वलवणसाठी दोन..." आवाज खोल, थोडासा लाजरा. चहा घेऊन आलेल्या इंदिराकाकू, म्हणजे इरावतीची आई, जिन्यातच थांबल्या.

"आवाज गोड आहे हो तुमचा. गाता का?"

"आंघोळीला बसलो की गातो, काकू."

निघताना बुटाची नाडी बांधत तो म्हणाला, "एक सांगू? मी स्वतंत्रपणे केलेलं हे पहिलंच काम. हे विनातक्रार चाललं की साहेब लोणावळा आणि सगळा मावळ माझ्याकडे देणार आहेत. दोन वर्षं वाट बघतोय मी." बोलताना त्याचे डोळे नुसते चमकत होते. इरावती म्हणाली, "चालेल की! का नाही चालणार?"

आणि फोन चाललाही. अगदी नको इतका छान चालला. कॉल तुटेनात, पाहुणे चुकेनात, रतनबाई खूश. चार दिवस गेले, आठवडा गेला, रुचिरला यायचं कारणच उरलं नाही. इरावती मग आपल्याच नव्या नंबरला मोबाईलवरून फोन लावायची, "नमस्कार, आमच्या मावळात..." ऐकायची, आणि कुणी बघत नाही ना, बघून ठेवून द्यायची. एका दुपारी मात्र तिला राहवलं नाही. तिनं कंपनीत तक्रार नोंदवली — आवाज घुमतोय.

तासाभरात पिवळा रेनकोट दारात.

तपासायची रीत अशी, की तिनं माडीवर हेडफोन लावून बसायचं आणि त्यानं अंगणातल्या जांभळीखाली उभं राहून मोबाईलवरून बोलायचं.

"काहीतरी बोला," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही. दुपारी काय जेवलात?"

"भेंडी."

"भेंडी घुमली का?"

"जराशी..." इरावती ओठ दाबून म्हणाली.

त्यानं राउटर हलवला, वायर बदलली, दोन कप चहा प्यायला आणि गेला. पुढच्या आठवड्यात भेंडी पुन्हा घुमली. या खेपेला जांभळीखालून त्यानं विचारलं, "तुला लोणावळ्यातलं काय आवडतं?" अहो-जाहो कुठल्या वळणावर गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"सोमवार."

"सोमवार?"

"गर्दी घरी जाते. मग धुकं आपलं एकट्याचं असतं. आणि तुला?"

पलीकडे नुसती पानांवरची टपटप. हेडफोन इतका चांगला निवडला होता, की त्याचा श्वाससुद्धा कानाशी ऐकू येत होता.

"मला सध्या... कुसगाव," तो म्हणाला.

इरावतीनं खिडकीतून पाहिलं. तो वरच बघत होता. तिनं झटकन पडदा ओढला, आणि लगेच थोडासा उघडलाही.

आता तिसरी तक्रार करायची काही गरज होती का? पण प्रेमात पडलेली माणसं शहाण्यासारखी वागली असती तर मला सांगायला काय उरलं असतं! इरावतीनं केली तक्रार. केस मोकळे सोडले, आईकडून साबुदाण्याचे वडे करून घेतले. बेल वाजली. ती धावत खाली गेली, तर दारात एक जाडजूड मिशीवाला गृहस्थ.

"ताई, मी मारुती. आवाज घुमतोय म्हनं?"

"रुचिर... नाही आले?"

"न्हाई. हितून पुढं मीच येनार. त्यांना गोडावनात बसवनार हायेत साहेब." मारुतीनं आईनं पुढे केलेल्या बशीतला वडा उचलला. "समदा मावळ त्यांनाच द्यायचा ठरला व्हता बगा. पर पयल्याच घरची तक्रार मिटंना, तर मानसाला येवडा मुलूख द्यायचा कसा? लय हुशार पोरगं, पर नशीब न्हाई."

इरावती तिथेच पायरीवर टेकली. बुटाची नाडी बांधता बांधता त्यानं सांगितलं होतं सगळं. ऐकलं होतं तिनं, आणि पार विसरून गेली होती. आपल्याला दोन घटका गंमत हवी होती, आणि त्याच्या दोन वर्षांवर आपण पाणी ओतलं! मारुती फोन तपासून, "ह्याला कायबी झालेलं न्हाई," म्हणून गेला, तरी ती पायरीवरच बसून होती.

संध्याकाळी त्याला फोन लावायला तिनं किती वेळा मोबाईल हातात घेतला... धीर होईना. मग सवयीनं आपलाच नंबर लावला. "नमस्कार, आमच्या मावळात तुमचं स्वागत आहे..." आणि तो ओळखीचा आवाज ऐकून तिचा बांधच फुटला.

"रुचिर, काही घुमत नव्हतं रे," ती त्या रेकॉर्डिंगलाच सांगू लागली. "एकदाही नाही. तू यावंस म्हणून मी खोटं बोलले. तुझी नोकरी, तुझा मावळ... मी काहीच बघितलं नाही. फार वाईट वागले मी. आणि हे तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून मशीनला सांगतेय. मला तू आवडतोस, ऐकलंस? खूप आवडतोस!"

पलीकडे स्वागत थांबलं होतं. मग —

"इरावती..."

"अगंबाई!" मोबाईल हातातून सुटून गादीवर पडला. तिनं तो चोरासारखा उचलला. "हे... हे रेकॉर्डिंग आहे ना?"

"नाही. मी आहे." रुचिरच्या आवाजात हसू आणि गोंधळ एकत्र झाला होता. "कुणी काहीच दाबलं नाही, तर दोनदा स्वागत झाल्यावर कॉल माझ्या मोबाईलवर येतो. चाचणीपुरता माझा नंबर टाकला होता... काढायचा राहिला. राहिला म्हणजे, मी काढलाच नाही."

"किती ऐकलंस?"

"'मशीनला सांगतेय'पासून."

"म्हणजे त्याआधीचं..."

"काय होतं त्याआधी?"

पळवाट होती, सोन्यासारखी. पण इरावतीनं डोळे मिटले आणि सगळं पुन्हा सांगितलं, एकही शब्द न गाळता. मग म्हणाली, "उद्या तुझ्या साहेबांना फोन करते."

"वेडी आहेस का? काय सांगणार?"

"खरं ते."

"इरा, नको. लोक हसतील तुला."

"हसू देत," ती म्हणाली आणि त्यानं आणखी काही म्हणायच्या आत फोन ठेवला.

सकाळी तिनं काळ्या फोनवरून तळेगावला त्र्यंबकसाहेबांना फोन लावला. आई भाजी निवडायच्या निमित्तानं माडीवरच येऊन बसली होती. बसू दे, इरावतीनं ठरवलं. एकदाच सांगू सगळ्यांना.

"साहेब, माझ्या तिन्ही तक्रारी खोट्या होत्या. फोन उत्तम आहे. मला रुचिरला पुन्हा भेटायचं होतं, म्हणून केल्या. शिक्षा त्याला नको."

आईच्या हातातली मेथीची जुडी हातातच राहिली.

"असं कसं?" त्र्यंबकसाहेब खेकसले. "मी त्याला तोंडावर विचारलं होतं, अरे, बाई उगाच तक्रार करत नाहीत ना? तर म्हणाला, छे! आवाज खरंच घुमतो, साहेब. माझ्याच कामात काहीतरी राहिलंय, मलाच पुन्हा पाठवा. दोन्ही वेळा हेच! नसलेला दोष त्याला सापडला कसा?"

म्हणजे पहिल्याच दिवशी जांभळीखाली त्याला कळलं होतं. 'काही बिघाड नाही' एवढे तीन शब्द बोलला असता तर मावळ त्याचा होता. पण मग परत येता आलं नसतं, आणि ती खोटी पडली असती.

"आहात ना, मॅडम? आता तुम्हीच सांगा, दोघांपैकी गोडाऊनमध्ये कुणाला बसवू?"

"मला बसवा, साहेब. त्याला मावळ द्या." तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती.

साहेबांनी मोठ्ठा सुस्कारा सोडला. "देतो. चांगला पोरगा आहे, उगाच कशाला... पण एक अट. तुमच्या घरी तो कामासाठी पाऊल टाकणार नाही. तक्रार आली तर मारुती येईल. रुचिरला यायचं असेल, तर त्यानं स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या पेट्रोलनं यावं!"

रिसीव्हर आपटायची सोय असलेला फोन इरावतीनं त्या दिवशी फार हळुवार ठेवला. आईनं मेथीची पानं खुडायला घेतली आणि कुणाकडेच न बघता म्हणाली, "मला वाटलंच होतं. वडे काय कुणी मेकॅनिकसाठी करून घेतं?"

रविवारी दुपारी बेल वाजली. दारात रुचिर. रेनकोट नाही, पिशवी नाही, इस्त्रीचा शर्ट पावसानं खांद्यावर भिजलेला.

"आता काय बिघडलं?" आईनं विचारलं.

"काही नाही, काकू." तो चाचरला. "मी... असाच आलोय."

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर इरावती उभी होती. त्याच्याकडे बघवत नव्हतं आणि नजर हलतही नव्हती.

"तू का नाही सांगितलंस साहेबांना, की काही घुमत नाही?" तिनं विचारलं.

"सांगितलं असतं तर तू पुन्हा बोलावलंच नसतंस."

"आणि मावळ गेला असता तर?"

"वाईट वाटलं असतं. खूप. पण मी जांभळीखाली उभा होतो, वर खिडकीत तू होतीस..." तो थांबला, एक श्वास घेतला आणि सरळ म्हणाला, "इरा, मला तू आवडतेस. टाकीवर होतीस तेव्हापासून. हे मी आधी सांगायला हवं होतं. माझ्या साहेबांना, तुझ्या आईला, बहुतेक मारुतीलाही मी सांगायच्या आधी कळलं."

इरावती पायरी उतरली. त्यानं हात पुढे केला. या वेळी तिनं त्या हातात आपला हात दिला.

नेमका तेव्हाच माडीवरचा फोन खणखणू लागला. रविवारची दुपार, एकामागून एक कॉल यायची वेळ. इरावती दचकली, सवयीनं वळली... पण आई जिन्यात पोचलीसुद्धा होती. जाता जाता तिनं लेकीच्या पाठीवर हलकी थाप मारली, आणि वरून तिचा आवाज घरभर ऐकू आला —

"हॅलो? भाज्याला खोली हवीय? मी आई बोलतेय तिची. मलाच सांगा काय ते... इरावतीला आज सुट्टी आहे."