चित्रातला हात

उद्घाटन उद्यावर आलं होतं, आणि चित्रातल्या मुलीचा उजवा हात आज सकाळी नाहीसा झाला होता.

हाताएवढाच तुकडा. लहानशा कात्रीने कुरतडल्यासारखा कापलेला. गोड हसणारा चेहरा मात्र जागच्या जागी होता.

"चोर घाबरट असणार," गुप्तहेराचा मेहुणा म्हणाला. मेहुणा होता म्हणून तो सोबत असे. दुसरं कारण अजून सापडलं नव्हतं.

चित्रकर्ती या घरातलीच एक विधवा काकू. ती मोठी कलावंत होती हे घराला ती मेल्यावर कित्येक वर्षांनी कळलं. प्रदर्शन तिच्याच खोलीत होतं. प्रत्येक चित्रात तीच मुलगी, उघड्या दाराशी उभी, दर वेळी नव्या फ्रॉकमध्ये. बाकी चित्रांत तिचे हात पाठीमागे होते.

"विकायला काढलेलं चित्र मीच कापेन?" घरमालक भडकला. "वेड लागायला मी काय काकूआजी आहे? म्हणजे... नवरा गेल्यावर त्या या खोलीतच रमल्या, एवढंच."

प्रदर्शन मांडणाऱ्या बाईंनी भिंतीवर लिहिलं होतं : 'स्वेच्छेचा एकांत. निपुत्रिकेचं वात्सल्य.'

"गर्दी वाढेल हे खरं," बाई म्हणाल्या. "पण मी चेहरा कापला असता."

उरल्या घरमालकाच्या आत्याबाई. चित्रातली मुलगी त्याच. आता चाकांच्या खुर्चीत, मांडीवर चष्म्याचं घर घट्ट धरून. उद्या फीत त्यांच्याच हस्ते कापायची होती.

"मला मेलीला काय दिसतंय? चष्मासुद्धा सोडला. पण काकूंचा जीव होता हो माझ्यावर. काढा म्हटलं की काढायच्या. नाही म्हणणं ठाऊकच नव्हतं."

गुप्तहेर दाराच्या बाहेरच्या बाजूला उकिडवा बसला होता. वर कडी होती. खाली, कमरेएवढ्या उंचीवर, रंगाखाली बुजवलेली स्क्रूची भोकं होती.

"कुत्रं पाळलं असेल," मेहुणा म्हणाला.

गुप्तहेराने सगळ्यांना खोलीत बोलावलं.

"विकणारा माल कापत नाही. गर्दी हवी असलेला चेहरा कापतो. या चोराला फक्त हात खुपत होता. का? वरची कडी मोठ्या माणसांना पुरेशी आहे. मग खाली दुसरी कुणासाठी बसवली होती? ज्याचा हात वर पोचत नाही त्याच्यासाठी. चित्रात मुलगी दाराला टेकली आहे, आणि कापलेली जागा नेमकी या भोकांच्या उंचीला येते. हात कडीवर होता." तो वळला. "आत्याबाई, चष्मा सोडलात, मग त्याचं घर कशाला सांभाळताय?"

घर उघडलं. आत चष्मा नव्हता. रंगवलेली पाच इवलीशी बोटं होती आणि त्यांनी धरलेली कडी.

"मोठी माणसं कामात असायची," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "पाणी द्यायचं आणि कडी लावायची, एवढंच माझ्याकडे होतं. मी म्हणायचे, आधी माझं चित्र, मग पाणी."

"कधीच नाही म्हणाल्या नाहीत?" गुप्तहेर म्हणाला.

"एकदा म्हणाल्या."

पुढे काय झालं हे कुणी विचारलं नाही.

"पण माझ्यामुळेच चित्रकार झाल्या ना त्या?"

बाईंनी तुकडा चित्रावर लावून पाहिला. मान तिरकी करून पाहिलं, आणि काढून घेतला. "नसलेलाच बरा दिसतो."

मेहुण्याने घसा खाकरला. "मग उद्या फीत कोण कापणार?"

"आत्याच," घरमालक म्हणाला. "पत्रिका वाटून झाल्यात."