काकूंच्या बाजूची दांडी

खेळातला टकल्या कोण घेणार, यावरून जिन्यातच भांडण जुंपलं. लांब्याचं म्हणणं, गेल्या सुट्टीतली शेवटची लढत त्याने जिंकली होती, म्हणून पहिला मान त्याचा. चिंगीचं म्हणणं, त्या लढतीत ढोलूने तिच्या पायावर स्टूल पाडलं होतं, म्हणून ती धरायचीच नाही. ढोलू चिंगीचा धाकटा भाऊ. त्याचं काहीच म्हणणं नव्हतं. त्याला फक्त काकांच्या टेबलावरच्या डब्यातलं बिस्किट हवं होतं.

तिघं दर सुट्टीत मामाकडे यायची. लांब्या त्यांचा मावसभाऊ. पिशव्या टाकायच्या आणि गल्लीच्या टोकाला काका-काकूंच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात धावायचं, हा ठरलेला कार्यक्रम. पण या वेळी मामी मागोमाग जिन्यापर्यंत आली. हात पुसत म्हणाली, "थांबा जरा. तुमच्या परीक्षा होत्या म्हणून कळवलं नाही. थंडीत काकू गेल्या."

टकल्याचं भांडण तिथेच संपलं.

मामीने बजावलं, की काकांना काही विचारत बसू नका, नेहमीसारखं खेळा आणि या. नेहमीसारखं म्हणजे कसं, ते तिने सांगितलं नाही.

दुकान तसंच होतं. भिंतीला लागून कपाटाएवढी जुनी मशीनं, रंग उडालेली, पण चालू. काका टेबलामागे बसले होते. "मोठी झालात," एवढंच म्हणाले आणि टोकनं पुढे केली. चिंगीने वाटेत एक वाक्य तयार केलं होतं, ते तोंडातून बाहेर येईना. ढोलू मात्र म्हणाला, "काकू नाहीत ना आता?"

"नाहीत," काका म्हणाले आणि बिस्किटांचा डबा त्याच्याकडे सरकवला.

कोपऱ्यातलं मारामारीचं मशीन सगळ्यांत जुनं. त्याला दोन दांड्या. डावीकडची काकांची, उजवीकडची काकूंची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघं लढायची. काकू कायम टकल्या घ्यायच्या. टकल्या म्हणजे डोंगराएवढा पैलवान, चालायला बैलगाडीसारखा. काका घ्यायचे वेणीवाली, ती नुसती उड्या मारायची. आणि दर वेळी काका हरायचे.

मुलांना लढायला काकूंनीच शिकवलं. उंच स्टुलावर बसून, टेबलाकडे पाठ करून त्या सांगायच्या, "आधी मारतो तो आधी दमतो. आणि उडी मारणाऱ्याला हवेत विचार बदलता येत नाही. तो खाली येईपर्यंत थांबायचं." मग मध्येच, मान न वळवता, "अहो, हे तिसरं. साखर वाढलीय ना तुमची?" आणि मागे काका बिस्किट डब्यात परत टाकायचे. त्यांना हे कसं कळतं, ते कोणालाच उलगडलं नव्हतं. मुलांना वाटायचं, झाकणाच्या आवाजावरून. एकदा काकांनी झाकणाला फडकं गुंडाळलं. तरी पकडले गेले.

आता स्टूल रिकामं होतं. त्यावर कोणी बसलं नाही. चिंगी शेजारी उभी राहिली आणि तिने काकूंची दांडी धरली. लांब्याने उडी मारली, ती थांबली, तो खाली आला, तिने दांडी गर्रकन गोल फिरवली. टकल्याने वेणीवालीला डोक्यावर उचलून आपटलं.

चिंगीने दांडी सोडून दिली.

"काहीतरी बिघडलंय," ती म्हणाली.

"बिघडलंय? पहिल्या झटक्यात लागला डाव. माझी कंबर मोडली."

"म्हणूनच. काकूंच्या दांडीवर हा डाव पहिल्या झटक्यात कधी लागला होता?"

लांब्या खाली वाकला. बरोबर होतं. ती दांडी कोपऱ्यात अडकायची, तिथे काकू मनगटाने एक हिसका द्यायच्या. शिवाय तिला गोळाही वेगळा होता. मूळचा फुटला, तेव्हा काकूंनी घरच्या कपाटाच्या खणाची लाकडी मूठ काढून इथे बसवली होती. तेव्हापासून त्यांच्या घरचा तो खण सुतळीने ओढावा लागायचा. आणि दांडीभोवतीचा रंग काकूंची बोटं घासून घासून गेला होता, आत लाकडाला खळगा पडला होता. आता तिथे चकचकीत नवी फळी होती. दोन्ही दांड्यांना सारखे काळे गोळे.

मामीने विचारू नका म्हटलं होतं. बघू नका असं म्हटलं नव्हतं. दुपारी काकांनी शटर अर्धं खाली ओढलं, तेव्हा तिघं बाहेर उकिडवी बसून आत बघत होती.

काकांनी मशीनमध्ये दोन टोकनं टाकली. एका बाजूला टकल्या निवडला, दुसऱ्या बाजूला वेणीवाली. लढत सुरू झाली आणि काका नुसते उभे राहिले. पडद्यावर ती दोघं समोरासमोर जागच्या जागी हलत राहिली, श्वास घेतल्यासारखी. कोणी कोणाला मारलं नाही. वेळ संपली. बरोबरी. काकांनी उजवीकडच्या दांडीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

चिंगी शटरखालून आत गेली. मागोमाग बाकीचे दोघंही.

"काका, काकूंची दांडी कुठे गेली?"

काकांना राग आला नाही. ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले. मग हळूहळू सांगायला लागले. काकू दवाखान्यात होत्या, तेव्हा त्यांच्या मुलाने मशीन दुरुस्तीला दिलं. आईला दांडी अडकते, तिचं मनगट दुखतं, ती घरी आली की खूश होईल, म्हणून त्याने दोन्ही बाजूंचं सगळं नवं करून घेतलं. आठवडाभरात मशीन परत आलं. काकू आल्या नाहीत.

"आता त्याला कोणत्या तोंडाने सांगू की जुनंच बरं होतं?" काका म्हणाले. "त्याने प्रेमानेच केलं. पण इथे हात ठेवतो ना, तर परक्याच्या हातात हात गेल्यासारखं वाटतं."

मुलं निघाली तेव्हा त्यांनी आणखी एक सांगितलं. महिनाअखेर दुकान बंद. मुलाकडे राहायला जायचं. मशीनं कोणी नेली तर नेली.

 बाहेर आल्यावर ढोलूने विचारलं, की जुनी फळी मिस्त्रीने खाऊन तर टाकली नसेल ना. चिंगीने त्याच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच त्याने कामाचं काही विचारलं होतं.

मशीनच्या पाठीवर दुरुस्तीवाल्याची पट्टी चिकटवलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं पत्ता विचारत विचारत गोदामांच्या रस्त्यावर पोचली. मिस्त्रीचं दुकान एका आवाराच्या आत होतं. फाटकाशी राखणदार आणि एक जाडा कुत्रा. ढोलू कुत्र्यापाशीच थांबला.

मिस्त्री उघड्या टीव्हींच्या मधोमध बसला होता, कानावर पेचकस. मुलांना बघून त्याने आधी कशालाही हात न लावण्याची ताकीद दिली. जुनी फळी? लाकूड कोण सांभाळतं, फेकून दिलं. दांड्या? त्या होत्या, त्या डब्यात, इतर शंभर दांड्यांबरोबर. पण डबा मिळणार नव्हता. मागे कोणाच्या तरी पोरांनी स्क्रूंची खिचडी केली होती, ती निवडायला त्याला दोन दिवस लागले होते.

चिंगीने विनवण्या केल्या. उपयोग शून्य. तेवढ्यात लांब्याला भिंतीजवळ तसंच मारामारीचं मशीन चालू दिसलं.

"मिस्त्रीकाका, तुम्हाला हे खेळताही येतं की नुसतं उघडता येतं?"

मिस्त्रीने कानावरचा पेचकस काढून खाली ठेवला. या मशीनवर त्याला आजवर कोणी हरवलं नव्हतं, हे त्याने दोनदा सांगितलं. मग ठरलं. एक लढत. चिंगी जिंकली तर डबा बघायचा. हरली तर तिघांनी फाटकाबाहेर जायचं आणि परत तोंड दाखवायचं नाही.

मिस्त्रीने वेणीवाली घेतली. चिंगीने टकल्या. तो हसला. "हा म्हसोबा? अगं, हा वळेपर्यंत संध्याकाळ होते."

सुरुवातीला चिंगीने नुसता मार अडवला. वेणीवाली लाथा झाडत होती, टकल्याची ताकद थोडी थोडी गळत होती. लांब्या नखं खात होता. चिंगीचा हात एकदा शिवशिवला. तिला वाटलं, आता मारावं. पण कानाशी काकूंचा आवाज होता. थांबायचं.

मिस्त्रीने तिसऱ्यांदा तशीच उंच उडी मारली. वेणीवाली हवेत होती, आणि हवेत विचार बदलता येत नाही. तिचे पाय जमिनीला लागले तशी चिंगीने दांडी गोल फिरवली. टकल्याने तिला उचललं आणि आपटलं. मिस्त्री चिडला. चिडून पुन्हा उडी. पुन्हा आपटलं. आणखी एकदा. लढत संपली तेव्हा टकल्याची ताकद चिमूटभर उरली होती, पण तो उभा होता.

मिस्त्री पडद्याकडे बघत राहिला. "हा डाव कोणी शिकवला तुला?"

"ज्यांची दांडी शोधतोय, त्यांनी."

"म्हणजे त्या बाई? मुलगा म्हणाला होता, आई दवाखान्यात आहे, तिच्यासाठी घाईने करून दे. म्हणून सगळी कामं बाजूला ठेवून आधी ते केलं." त्याने चिंगीकडे बघितलं. "बऱ्या आहेत ना आता?"

चिंगीने नकारार्थी मान हलवली. 

मिस्त्रीने डबा उचलला आणि स्वतःच जमिनीवर उपडा केला. स्क्रू, स्प्रिंगा, दांड्या सगळं घरंगळलं. त्यालाच आता खिचडीची पर्वा नव्हती. काळे गोळे, लाल गोळे बाजूला सारत चिंगी-लांब्याने आणि मिस्त्रीने शोधलं. तळाशी, तारांच्या गुंत्यात, ती तपकिरी लाकडी मूठ सापडली. वरून हातांनी गुळगुळीत झालेली, बाजूला एक टवका उडालेला.

फळीचं मात्र खरंच काही होणार नव्हतं. मिस्त्रीने ती आवारात टाकली होती, पुढचं त्याला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात ढोलू दारात आला, सगळ्या अंगाला कुत्र्याचे केस.

"ताई, माझं रॉकेट कुत्र्याच्या घराला कोणी लावलं?"

गेल्या सुट्टीत ढोलूने काकूंच्या फळीखाली रॉकेटचं स्टिकर चिकटवलं होतं. कोणाला कळू नये म्हणून अगदी खालच्या बाजूला. ते आता त्या जाड्या कुत्र्याच्या खोक्यात, छपराच्या आतल्या बाजूने दिसत होतं. ढोलू सकाळपासून त्या खोक्यात आडवा होता, म्हणूनच त्याला दिसलं.

टाकलेली फळी राखणदाराने छप्पर म्हणून बसवली होती, आणि आधी तो ती द्यायला तयार होईना. कुत्र्याचं नाव साहेब. "साहेबांचं छप्पर काढलंत तर साहेब भिजतील," तो म्हणाला. बटणांच्या भोकांत त्याने बाटल्यांची बुचं ठोकून बसवली होती, इतकं मन लावून काम केलं होतं. शेवटी मिस्त्रीने मशीनच्या पाठीचा एक चांगला पत्रा आणून दिला आणि साहेबांचं घर पक्कं झालं. फळी खाली आली. रंग उडाला होता, थोडी फुगली होती. पण दांडीच्या भोकाभोवतीचा खळगा तसाच होता. चिंगीने त्यात बोटं टेकवून बघितली. बसली नाहीत. काकूंचा हात मोठा होता.

दुपारी शटर अर्धं खाली असताना मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन दुकानात आला. पुढे मुलं. काकांनी फळी बघितली आणि टेबलाला धरून उभे राहिले. मिस्त्री त्यांच्या डोळ्यांकडे न बघता म्हणाला, की चूक झाली, जुन्यात काय आहे ते विचारायला हवं होतं. मग खाली बसून कामाला लागला. नवी फळी काढल्यावर त्याने ती पिशवीत घातली, तेव्हा काका पहिल्यांदा बोलले.

"ती नेऊ नका. मशीनच्या पोटात ठेवा. मुलाने आईसाठी आणलीय. तीही राहू दे."

काम संपलं. मिस्त्रीने पैशाचं नाव काढलं नाही. दारातून वळून मुलांकडे बोट दाखवून म्हणाला, "ही पोरं हुशार आहेत. मोठ्यांना पुरून उरतील."

काका मशीनजवळ आले. लाकडी मुठीवर त्यांनी हात ठेवला. या वेळी काढून घेतला नाही. मग स्टूल ओढून त्यावर बसले. काकूंच्या जागेवर.

"चिंगे, तू तिकडे ये. माझी वेणीवाली घे. बघू तुमच्या काकूला माझ्याशी खेळताना कसं वाटायचं."

चिंगीने उडी मारली. काकांनी दांडी फिरवली, ती कोपऱ्यात अडकली, टकल्या मख्खासारखा उभा राहिला. काका हसले. हसता हसता डोळे पुसले. पहिली फेरी ते हरले. दुसरी सुरू होण्याआधी पडदा क्षणभर काळा झाला.

काकांचा हात थांबला.

काळ्या काचेत त्यांना मागचं सगळं दुकान दिसत होतं. टेबल, बिस्किटांचा डबा, त्यांची स्वतःची रिकामी खुर्ची. उभं राहिलं की त्या काचेत नुसती वरची ट्यूबलाइट दिसायची. या स्टुलावर बसल्यावरच खुर्ची दिसत होती.

"इतकी वर्षं," काका हळू म्हणाले, "तिला मी दिसत होतो."

पुढची फेरी सुरू झाली होती, पण दोघांपैकी कोणीच मारलं नाही. पडद्यावर टकल्या आणि वेणीवाली जागच्या जागी श्वास घेत राहिली. मग काकांनी सांगितलं, की हे मशीन विकायचं नाही, मुलाच्या घरी बरोबर न्यायचं. पुढच्या सुट्टीत तिघांनी तिकडे यायचं. मामीला ते स्वतः सांगतील.

"तुमच्या काकूने तुम्हाला चांगलं तयार केलंय," ते म्हणाले. "शाबास पोरांनो."

ढोलूला एवढा वेळ कोणी विचारलं नव्हतं. तो केव्हाच मागे जाऊन काकांच्या खुर्चीत बसला होता. त्याने आवाज न करता झाकण उचललं. वेळ संपली, बरोबरी झाली, पडदा पुन्हा काळा झाला.

"ढोलू," काका मान न वळवता म्हणाले, "हे तिसरं."