साळूबाईचा वाफा

“भरलाऽ, सोडाऽ!”

ही हाळी कडूबानं चाळीस वर्षांपूर्वी रोज ऐकली होती. तो विहिरीच्या धावेवर, उतरत्या वाटेवर, मोटेचे बैल हाकायचा. झाडांच्या आड, जिथून दोघं एकमेकांना दिसत नसत, तिथं त्याची बायको साळूबाई पाटाचं पाणी एकेका वाफ्यात वळवत दारं धरायची. शेवटचा वाफा भरला की तिनं हाळी द्यायची आणि त्यानं मोट सोडायची.

ही बाग तेव्हा एका जहागीरदाराची. कुठून कुठून आणलेली झाडं, प्रत्येक खोडाला पत्र्याची पाटी. पुढं भोकरदनच्या रस्त्यावर तिच्या भोवती पाण्याच्या घसरगुंड्यांचं मोठं पार्क झालं. पार्कच्या मालकानं बाग तेवढी जाळी मारून तशीच राखली. मोटही राखली, पण तिला फायबरचे बैल आणि विजेची मोटार.

आज लेक झुंबरबाई त्याला बाग दाखवायला घेऊन आली होती.

“आबा, पाळण्यात बसता का?”

“आता चौघांच्या खांद्यावरच बसायचं राह्यलंय, बाई.”

“काही बी बोलू राह्यले! सावलीत बसा बरं. मी रस आणते. हलू नका.”

ती गेली आणि वीज गेली. गाणी थांबली. पाळणे लोंबकळत राहिले. फायबरचे बैल अर्ध्या धावेवर थबकले. भर दुपारी बागेत इतकी शांतता झाली, की कडूबाला स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला.

चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या वर्षी आखितीच्या सणाला साळूबाईला माहेरी हसनाबादला जायचं होतं. झुंबर तेव्हा अंगावर पीत होती. कडूबा नको म्हणाला. तिनं अबोला धरला. त्या दुपारी हाळी आलीच नाही. न्हाई बोलत तर नको बोलू, म्हणत तो हट्टानं मोट हाकत राहिला. पाणी वाफे फोडून धावेच्या पायथ्यापर्यंत आलं, तेव्हा मोट थांबवून बघायला गेला. साळूबाई चिखलात आडवी होती, अंग गार पडलेलं. पायाला पान लागलं होतं. साप चावला असं तिकडं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात.

तिनं हाक मारलीच नव्हती, का मोटेच्या चाकाच्या कुरकुरीत आपल्याला ऐकू आली नाही? हे त्यानं कुणाला विचारावं?

ओल्या मातीचा वास आला. कोरड्या पाटातून पाण्याची बारीक धार सरकत होती. कडूबा काठी टेकत धारेच्या कडेकडेनं गेला. जुन्या वाफ्यात एक बाई पाठमोरी वाकली होती. कासोटा खोचलेला, हातात फावडं. वय पंचविशीचं.

“साळे...”

फावडं थांबलं.

“मी म्हातारा झालो गं... वळखू येतो का न्हाई?”

तो काठी टेकत एक पाऊल पुढं सरकला.

“एवढंच सांग... त्या दिवशी तू हाक मारली व्हती का?”

बाई हळूहळू सरळ झाली. मान किंचित त्याच्याकडं वळली. गालाची कड दिसली, कानातलं फूल दिसलं. तिनं तोंड उघडल्यासारखं वाटलं.

मग तिनं फावडं खांद्यावर टाकलं आणि ती विहिरीकडं चढ चढू लागली. वाफ्यातलं पाणी थरथरलं, वळलं, आणि उताराला पाठ फिरवून चढावर तिच्या मागं मागं निघालं.

“साळे, न्हाई मारली म्हण... न्हाईतर मारली म्हण...”

ती चालतच राहिली.