रविवारचं क्लोव्हर

तोंडात ब्रश, अंगात कालचाच टी-शर्ट आणि समोर, तिच्याच अंगणातल्या हिरवळीवर, उकिडवा बसलेला एक अनोळखी पुरुष. मुग्धाचा रविवार असा उजाडला.

ती फेस थुंकून म्हणाली, "कोण तुम्ही?"

त्यानं मान वर केली. हातात खुरपं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तो तिच्याकडे नाही, ब्रशकडे बघत होता.

"इतकं जोरात घासायचं नाही हो. हिरड्या सोलतील."

"माझ्या हिरड्या आहेत."

"म्हणूनच सांगतोय. मी कार्तिक, डेंटिस्ट. वरच्या अनुसूयाआत्याचा भाचा. तुमचं गवत काढायला पाठवलंय तिनं."

तेव्हा कुठे मुग्धाला उलगडा झाला.

कन्नड मुलखातल्या जयनगरातलं हे तळमजल्याचं घर किती दारं झिजवून मिळालं होतं ते तिचं तिलाच ठाऊक. एकटी आहेस का, अंडं खातेस का, मित्र येतात का, परतायला उशीर होतो का... यांना घर भाड्यानं द्यायचं असतं की मुलगी तपासून घ्यायची असते? घरमालकीण अनुसूयाअक्कांनी यातलं काही विचारलं नाही. पुण्याची आहेस, मराठी बोलतेस, सरी, ठीक आहे, राहा म्हणाल्या. फक्त पुढची हिरवळ सांभाळ.

पण आंब्याच्या सावलीत गवत जगेना. मग मुग्धानं ऑनलाइन बी मागवून क्लोव्हर पेरलं. तीन-तीन गोल पानांचं, गार, मऊ... पाय ठेवला की गुदगुल्या. त्याला पांढरे गोंडे आले, गोंड्यांवर मधमाश्या आल्या आणि मधमाश्यांमागून अक्का आल्या.

"अय्यो, हे काय रान माजवलंस गं? माझ्या लेकाचा, श्रीहर्षाचा साखरपुडा इथे करायचाय. पाहुण्यांना माशी चावली म्हणजे? त्याआधी हे सगळं गेलं पाहिजे. नाहीतर तू दुसरं घर बघ."

म्हणून हा कार्तिक.

तो दर रविवारी येऊ लागला. तो काढायचा, ती पाटीत भरायची. त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इकडचं, त्यामुळे मराठीत कन्नड कुठे शिरतं ते त्यालाही कळत नसे.

"स्वल्प सरक."

"मराठीत सांग."

"मराठीतच सांगितलं. आमच्या."

"तुमच्या मराठीला खुरपं लावायला हवं."

"लाव की. बसतो मी."

एकदा भुरभुर पाऊस आला. दोघं छज्ज्याखाली उभे राहिले. छज्जा अरुंद, त्यामुळे खांद्याला खांदा... तिनं पेला पुढे केला. त्यानं एक घोट घेतला आणि पेल्यात डोकावून पाहिलं.

"ही कॉफी?"

"चहा आहे."

"मग बरा आहे."

ती हसली. तो तिच्याकडे बघतच राहिला, आणि मग उगाचच चष्मा पुसत बसला.

सगळं छान चाललं होतं. फक्त क्लोव्हर जात नव्हतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. हे मेल्यावरही जात नव्हतं. आज उपटलं की चार दिवसांत पुन्हा हिरवंगार, गोंड्यांसकट.

साखरपुडा तोंडावर आला तेव्हा अक्का गॅलरीतून म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नकोस मुग्धा. पण घर बघायला लाग."

मुग्धानं स्वतः खुरपं घेतलं आणि माती उकरली. पानं तेवढी कापलेली, न्हाव्यानं कात्री चालवावी तशी. खाली मुळं जशीच्या तशी, धडधाकट.

कार्तिक आला तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी होती.

"दात काढतोस तेव्हा वरचा मोडून मूळ आतच ठेवतोस?"

"छे. मग पेशंट परत येईल ना..." तो थांबला. कान लाल झाले.

"म्हणजे मुद्दाम."

"पहिल्या रविवारी खरंच जमत नव्हतं. दुसऱ्या रविवारी... जमत होतं."

"मग?"

"सगळं निघालं असतं तर मी कशाला आलो असतो?"

उत्तर गोड होतं. पण गोड लागलं म्हणून गिळून टाकणारी ती नव्हती.

"प्रेम तुझं जुळतंय आणि छप्पर माझं जातंय. तुला काय, आत्याकडे ताट वाढलेलंच आहे. मी पुन्हा दारोदार सांगत फिरू, अंडं खाते की नाही ते?"

"हे मला सुचलंच नाही."

"कसं सुचेल? तुला कुणी कधी विचारलंय? जा वर. खरं सांगून ये."

तो गेला. मग वरून अक्कांचा अस्सल कन्नड आवाज असा सुटला की आंब्यावरचे कावळे उडाले. मुग्धा खाली मुळं उकरत राहिली. थोड्या वेळानं तो येऊन तिच्या शेजारी बसला आणि खोल खणू लागला. संध्याकाळपर्यंत क्लोव्हरही नव्हतं आणि हिरवळही नव्हती. उरली नुसती लाल माती, टकलासारखी.

साखरपुड्याच्या सकाळी मांडववाला देवाप्पा आला. त्यानं खांद्यावरची गुंडाळी उलगडली आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हिरवंगार प्लास्टिकचं गवत अंथरलं.

मुग्धा बघतच राहिली. "अक्का, हेच घालायचं होतं तर आम्ही कशाला मेलो?"

"फोटोत बरं दिसतं. पण खाली काय आहे ते मला माहीत असतं ना," अक्का म्हणाल्या. "आणि तू कुठे जायचं नाहीस. लबाडी माझ्या भाच्याची, घर तू का सोडायचं?"

त्या वर गेल्या. कार्तिक प्लास्टिकवर अवघडून उभा होता.

"पुढच्या रविवारी कशाला येऊ? काढायला काही उरलंच नाही."

"मला भेटायला ये."

"आत्याला काय सांगू?"

"हेच."

कार्तिक मान वर करून ओरडला, "आत्या, पुढच्या रविवारी मी मुग्धाला भेटायला येणार आहे."

वरची बडबड थांबली. नवरीकडची मंडळी कठड्याशी गोळा झाली. त्यांच्या मधून अक्कांचं डोकं दिसलं.

"नुसता येणार की जेवायला?"

कार्तिकनं मुग्धाकडे पाहिलं.

"जेवायला, अक्का," मुग्धानं सांगितलं. "माझ्या घरी."