बनावट जुळी

"या बाईंचा मुलगा त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे. काही करता येईल का?"

मी मान वर केली. दारात एक उंच माणूस उघडा लॅपटॉप हातावर तोलत, ओठ दाबून हसू आवरत उभा होता. वरच्या मजल्यावरचा नवा प्रोग्रामर! हॉस्पिटलसाठी सॉफ्टवेअर लिहिणारा तो, आणि ते तपासायला लाखो खोटे रुग्ण बनवणारी मी. नावं, वयं, पत्ते, आजार... सगळं संगणकाने फासे टाकल्यासारखं काढलेलं. नाती जुळवायची मात्र राहून गेली होती.

"करते की. बाईंना म्हातारं करू, का मुलाला लहान?"

"बाईंनाच विचारा. वयाचा प्रश्न आहे."

हसायचं नाही असं ठरवलं होतं, तरी हसले.

मग तो रोजच काहीतरी खुसपट काढून येऊ लागला. "तुमच्याकडचे सगळे नवरा-बायको वेगवेगळ्या गावांत राहतात हो!"

"सुखी असतील मग."

तो आला नाही की माझं लक्ष उगाच जिन्याकडे जायचं.

एका सकाळी मात्र तो गंभीर होता. "मी साहेबांना सुचवलंय... हॉस्पिटलकडून खऱ्याच रुग्णांची माहिती घेऊ या. काम लवकर आटपेल. शुक्रवारी ठरेल."

माझी आत्या त्याच हॉस्पिटलमध्ये जाते. तिचा आजार घरात फक्त मला ठाऊक आहे. आणि तो इथे कुणीही चहा पिता पिता वाचायचा?

"नाही!" मी एवढ्या जोरात म्हटलं की शेजारच्या टेबलांवरच्या माना वळल्या. "शुक्रवारपर्यंत थांबा. तुम्हाला हवीत तशी माणसं मी देते."

त्याने लॅपटॉप मिटला. मग हळूच म्हणाला, "थांबतो. मदतही करतो."

मी हट्टालाच पेटले. सासवा, सावत्र भावंडं, दोनदा लग्न केलेले, अजून नाव न ठेवलेली बाळं, जुळी... संगणकाला सगळं शिकवलं. तो शेजारी खुर्ची ओढून बसायचा. बाहेर पाऊस रिपरिपत असायचा. कोपराला कोपर लागायचं आणि दोघांपैकी कुणीच सरकायचं नाही. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंही नाही.

शुक्रवारी साहेबांसमोर माझी माणसं त्याच्या प्रोग्राममध्ये सोडली. सुरुवातीला सगळं सुरळीत... आणि मग पडद्यावर लाल अक्षरं! जुळ्या मुली, आई एकच, जन्मतारीख एकच, नावं अजून नाहीत. प्रोग्रामने दोघींना एकच बाळ समजून एकीचं औषध दुसरीच्या नोंदीत टाकलं होतं.

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "म्हणजे हिची माहितीच चुकली?"

त्याने नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी तो सुटला असता.

"नाही साहेब, चूक माझी आहे," तो म्हणाला. "हॉस्पिटल जी थोडी माणसं देणार होतं, त्यात जुळी असतीलच असं नाही. मग ही चूक खऱ्या बाळाला चुकीचं औषध गेल्यावरच कळली असती. मी माझी सूचना मागे घेतो. हिचीच माणसं हवीत."

साहेबांनी जरा विचार केला आणि मान डोलावली. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

जिन्यात मी त्याला गाठलं. "एवढं सगळं स्वतःवर घेतलंस?"

"होतंच माझं." तो थांबला. "त्या दिवशी तू चिडलीस ना... तेव्हाच वाटलं, त्या रुग्णांत तुझं कुणीतरी आहे."

"मग विचारलं का नाहीस?"

"सांगावंसं वाटलं तर सांगशीलच की. नाही वाटलं, तर तो तुझा प्रश्न."

माझे डोळे भरून आले. आत्याचं मी सांगितलं नाही. ते तिचं, तिनेच सांगायचं. पण माझं मला सांगता येत होतं, आणि आता मी ते लांबणीवर टाकणार नव्हते.

"मला तू आवडतोस," मी म्हटलं. "खूप... अगदी मनापासून."

मग जिन्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, त्याने माझा हात हातात घेतला.

"हे मात्र... लोकांना कळलं तर चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. "सगळ्यांना सांग."