मांडणी दोन

मध्यवर्ती बँकेच्या संशोधन विभागात तिला सगळे दशांशबाई म्हणत. लिफ्ट कधी येईल असं विचारलं तरी ही दोन दशांशांपर्यंत उत्तर देईल, असा तिच्यावर विनोद होता. तिला राग यायचा नाही. विनोद निदान अचूक होता.

यंदा बँक आपला इतिहास छापणार होती. पन्नासएक वर्षांपूर्वी व्याजदर ठरवायला पहिल्यांदा समीकरणं वापरली गेली, त्यावरचं प्रकरण तिने स्वतःहून मागून घेतलं होतं. त्या काळी तिची आत्या बँकेच्या गणनकक्षात होती.

तेव्हा गणितं माणसं करत, हाताने दांडा फिरवायच्या यंत्रावर. पद्धत कडक होती. एकच गणित दोघींनी करायचं, शेजारशेजारच्या खोल्यांत बसून, एकमेकींचं न बघता. मधल्या भिंतीत वीतभर खिडकी होती. दुसरीने आपला कागद घडी घालून तिथून सरकवायचा आणि पहिलीने दोन्ही कागद तपासनिसाकडे न्यायचे. एकाच्या डोक्यावर छापलेलं असे ‘मांडणी एक’, दुसऱ्याच्या ‘मांडणी दोन’. आकडे जुळले की दोन्हींवर लाल पेन्सिलीची खूण. मांडणी एक आत्याची.

चाळीस तिमाह्या खुणा पडत गेल्या. एकेचाळिसाव्या तिमाहीत भाववाढीचा अंदाज आत्याने ३.९१ काढला आणि दुसरीने ४.३७. पुन्हा करायला लावलं, पुन्हा तेच आलं. साहेबांनी आत्याचा आकडा धरून व्याजदर खाली ठेवले आणि पुढच्या वर्षी भाव आभाळाला भिडले. खापर फोडायला एक डोकं हवंच होतं. आत्याची नोकरी गेली आणि बँकेच्या अहवालात तळटीप आली: ‘गणनेतील चुकीमुळे.’ नाव नव्हतं, पण कोणाची चूक ते सगळ्यांना ठाऊक होतं.

आत्याने लग्न केलं नाही. धाकट्या भावाची पोरकी मुलगी वाढवली, तिला गणित शिकवलं, पण त्या तळटिपेबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. आता ती चौऱ्याऐंशीची होती, अंथरुणाला खिळलेली, आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. महिन्यापूर्वी तिने भाचीला जवळ बोलावून एवढंच म्हटलं होतं, “बघ ना जरा. मी खरंच चुकले होते का?”

दशांशबाईने समीकरण लॅपटॉपवर चढवलं. गणित तीन सेकंदांत झालं. ४.३७.

तिने चार वेळा करून पाहिलं. चौथ्या दशांशापर्यंत मांडणी दोनच बरोबर येत होती.

संध्याकाळी आत्याने विचारलं, “काढलंस?”

“अजून नाही गं.”

“खोटं बोलताना तुझे कान लाल होतात, लहानपणापासून.” आत्या भिंतीकडे बघत राहिली. “मी समोरच्या कागदावर होतं तेच मांडलं. नसलेलं कधी मांडलं नाही.”

“कुठल्या कागदावर?”

“त्या दिवशीच्या. दुसरा कुठला असणार?”

दशांशबाईने कपाळावर हात मारून घेतला. तिच्या धंद्यात नवशिक्या पोरांनी करायची चूक तिने केली होती. उत्पादनाचे आकडे छापल्यावर वर्षानुवर्षं दुरुस्त होत राहतात, आणि तिने आजचे, दुरुस्त झालेले आकडे घातले होते. सकाळी रेकॉर्ड विभागातून तिने त्या तिमाहीचं मूळ छापील पत्रक काढलं आणि त्यावरचे आकडे घातले.

३.९१.

ती एकटीच मोठ्याने हसली आणि मग रडली. आत्या चुकली नव्हती. चुकले होते ते सरकारी आकडे, आणि त्या एका वर्षापुरतेच. ती दुरुस्ती छापून आली तेव्हा आत्याला घरी बसून अकरा वर्षं झाली होती.

ती प्रकरणाचं शेवटचं पान लिहायला बसली आणि एका ओळीवर अडली. दुरुस्ती इतक्या वर्षांनी झाली. मग मांडणी दोनमध्ये दुरुस्त आकडा त्याच दिवशी कसा?

तिने मांडणी दोनचा जुना कागद उजेडात धरला. डावीकडे कललेलं बारीक अक्षर, तारीख तीच, शाई तितकीच विटलेली. सहीच्या जागी काही नव्हतं.

रेकॉर्डवाल्या काकांनी हजेरीचं पुस्तक आणून दिलं. आत्याच्या नावापुढे रोजची सही होती. खालच्या ओळीत शेवटची दोन वर्षं एकच शब्द लिहिला होता, ‘रिक्त’.

“दुसऱ्या खोलीत मग कोण बसायचं, काका?”

“कोण बसणार? ती खोली जिन्याला जागा हवी म्हणून पाडली होती.” काकांनी पुस्तक मिटलं. “खिडकीमागे तेव्हापासून विटाच आहेत. जाऊन बघा हवं तर.”

तिने जाऊन पाहिलं. गणनकक्षात आता प्रदर्शन मांडलं जात होतं. खिडकीची लाकडी चौकट जागेवर होती आणि आत विटा. तिने हात लावला. बाहेर ऊन रणरणत होतं आणि विटा ओल्या फडक्यासारख्या गार होत्या.

त्या दुपारी ती लवकर घरी गेली. आधी तिने आत्याला छापायला जाणारं पान वाचून दाखवलं: तळटीप मागे घेण्यात येत आहे, गणना अचूक होती. आत्याने ते तीनदा वाचायला लावलं. तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी उशीवर उतरत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

मग दशांशबाईने विचारलं, “आत्या, तुझ्या जोडीला कोण होतं गं?”

“आधीची सोडून गेली, तिच्यानंतरची पाहिली नाही कधी. कागद यायचा. घेताना बोटं लागायची, गारढोण.” आत्याने आपली बोटं चोळली. “एकदाच बोलली. मला काढलं त्या दिवशी. म्हणाली, तुम्हीही बरोबर आहात, पण कळायला उशीर लागेल.”

“मग तू?”

“मी म्हटलं, कोणाला कळणार आहे? तर म्हणाली, तुमच्या भाचीला.” आत्या हसली. “मला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. तुझ्या बाबांचं तेव्हा लग्नसुद्धा झालं नव्हतं.”

दशांशबाईने तिचं पांघरूण नीट केलं.

“आता जुळेल बघ,” आत्या म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

पाचव्या दिवशी ती गेली. सकाळी, चहाची वेळ होती, आणि भाचीचा हात तिच्या हातात होता.

रजा संपवून दशांशबाई कामावर आली ती थेट प्रदर्शनाच्या खोलीत गेली. आत्याचा कागद आणि तो दुसरा, दोन्ही तिने स्वतः काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. किल्ली एकच होती, तिच्या पर्समध्ये. आत्याचा कागद तेवढा डोळे भरून बघायचा होता.

कपाटाला कुलूप होतं.

आत जुने दोन कागद होते. त्यांच्या खालच्या फळीवर आणखी दोन होते.

तिने चष्मा पुसला.

मांडणी दोन, डावीकडे कललेलं बारीक अक्षर. मांडणी एक, गोल, ठसठशीत अक्षर, पाचाची शेपटी लांब ओढलेली. त्या पाचावरून ती लहानपणी आत्याला चिडवायची.

आकडे चौथ्या दशांशापर्यंत जुळत होते. तिमाहीही दोन्हींवर एकच होती, आणि ती यायला अजून सहा वर्षं होती.

आत्याने समोरच्या कागदावर नसलेलं कधी मांडलं नव्हतं.

दोन्हींवर तपासनिसाची जागा कोरी होती. शेजारी एक लाल पेन्सिल होती, टोक तिच्याकडे केलेली. काचेच्या फळीवर पेन्सिल तासल्याचा भुसा पडला होता, ताजा.