बिनऔषधाचा पिंजरा

"संध्याकाळी समिती बसतेय. त्याआधी खरं सापडलं नाही, तर माझी नोकरी गेलीच म्हणून समजा!" संशोधिका म्हणाली.

गुप्तहेर वहिनी शांतपणे ऐकत होत्या. त्यांचे दीर, म्हणजे भाऊजी, बिस्किटांवर तुटून पडले होते.

दोन पिंजऱ्यांतल्या उंदरांना संशोधिकेने मलेरियाची लागण केली होती. एका पिंजऱ्याला नवं औषध, दुसऱ्याला काहीच नाही. पहिले बरे झाले. पण दुसरेही टुणटुणीत! लागण केलीच नाही, नुसता देखावा केला, असा संचालकांचा आरोप होता.

"हा जंतू राहतो कुठे?" वहिनींनी विचारलं.

"रक्ताच्या लाल पेशींत. वाढायला लागणारा एक जिन्नस त्याला उंदराच्या खाण्यातून मिळतो."

वहिनींनी पिंजरे पाहिले. दुसऱ्यात खाद्याच्या गोळ्या जशाच्या तशा होत्या. बाटलीच्या नळीवर पांढरी खपली होती.

"पाण्यातला क्षार, दुसरं काय!" भाऊजींनी निकाल दिला.

"मग पहिल्या बाटलीवर का नाही?"

संचालक तिथे फिरकतच नव्हते. संशोधिकेचा सहकारी म्हणाला, "तिची जागा मला हवीय, लपवत नाही. पण उंदीर दिसला की मी टेबलावर चढतो!"

उंदीर सांभाळणाऱ्या काकांनी चहा आणला. कोरा. भाऊजींचं तोंड वाकडं झालं.

"दूध हल्ली रोजच संपतं हो," काका पुटपुटले.

वहिनींनी तिथेच सगळ्यांना बोलावलं.

"काका, दूध जातं कुठे?"

काकांनी मान खाली घातली. "त्या बिचाऱ्यांना औषध नाही. म्हटलं, निदान दूध तरी..."

"म्हणजे ती खपली दुधाची. दुधाने पोट भरलं, गोळ्यांना कुणी तोंड लावलं नाही. तो जिन्नस गोळ्यांत असतो, दुधात जवळपास नसतोच. लागण खरीच होती, संचालकसाहेब. लाल पेशींतला जंतू उपाशी पडला, एवढंच. दूध बंद करा, तो पुन्हा डोकं वर काढेल. तोपर्यंत समिती थांबवा."

संचालकांनी नाइलाजाने मान हलवली.

"म्हणजे हे उंदीर पुन्हा आजारी पडणार?" काकांनी विचारलं. मग ते संशोधिकेकडे वळले. "पण तुमची नोकरी वाचेल ना, बाई?"

"वाचेल, काका."

"मग बाटली मीच काढतो. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

बाटली काढताना त्यांचे डोळे भरून आले. संशोधिका जवळ गेली.

"रक्तात जंतू दिसला की यांनाही औषध सुरू. पहिला डोस तुमच्या हातून."